प्लग काढला, तरी वीज आतच!

दिवाळीत आपल्या मंडळींच्या घरांत पणत्यांबरोबर हल्ली आणखी एक लखलखाट वाढला आहे, तो म्हणजे फ्लॅशचा. बारसं, बोरन्हाण, मुलीचा अरंगेत्रमचा पोशाख, पाडव्याचं औक्षण, सगळ्याचे फोटो आता घरच्या घरी आणि स्टुडिओत काढल्यासारखे हवे असतात. त्यात जुने स्टुडिओ फ्लॅश इथे स्वस्तात मिळतात. दोन फ्लॅश, दोन स्टँड, पांढऱ्या कापडाच्या दोन पेट्या आणि मागे लावायचा पडदा असा अख्खा संच एका पिशवीत घरी येतो. सोफा भिंतीला सरकवला की बैठकीच्या खोलीचा स्टुडिओ तयार!

आमच्याकडेही असंच झालं. मी पूर्वी सांगलीकडच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. लग्नानंतर इंग्लंडला आले, मुलं झाली आणि त्यांचे फोटो काढता काढता मैत्रिणींच्या बाळांचेही काढू लागले. चांगला फोटो कसा काढावा हे सांगणारे पुष्कळ भेटले. पण हे जे पेटीएवढं यंत्र आपण मुलांच्या डोक्याशी उभं करतो, त्यातल्या विजेबद्दल फारसं कोणी बोललं नाही. ते मी यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून, पुण्यातल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर भावाकडून आणि आमच्या शेजारच्या निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबांकडून शिकले. भौतिकशास्त्र माझा विषय नव्हे. त्यामुळे मला समजलं तेवढंच, समजलं तसंच सांगते.

गच्चीवरची टाकी

आपल्याकडे नळाला पाणी ठराविक वेळीच येतं, म्हणून गच्चीवर टाकी असते. बारीक धारेनं ती हळूहळू भरते. नळ गेला तरी टाकी भरलेलीच राहते आणि मोठी तोटी उघडली की सगळं पाणी धो धो येतं. फ्लॅशचं काम अगदी असंच चालतं. त्याच्या पोटात कपॅसिटर नावाची विजेची टाकी असते. भिंतीतली वीज ती सेकंद-दोन सेकंदांत भरते आणि आपण बटण दाबलं की ती सगळी वीज काचेच्या नळीतल्या झेनॉन वायूतून साधारण एक हजारांश सेकंदात वाहून जाते. तोच तो लख्ख उजेड.

या टाकीत किती वीज मावते ते ज्यूलमध्ये मोजतात. घरगुती वापराचे स्टुडिओ फ्लॅश साधारण २०० ते ५०० ज्यूलचे असतात. ३०० ज्यूल म्हणजे शंभर वॉटचा दिवा तीन सेकंद पेटेल एवढी ऊर्जा. ऐकायला ती किरकोळ वाटते. पण विमानप्रवासाची आपली २३ किलोची बॅग जमिनीपासून सव्वा मीटरपेक्षा थोडी जास्त उचलायला तेवढीच ऊर्जा लागते, आणि इथे ती एका क्षणात मोकळी होते.

मला खरी जाण आली ती भावाच्या दुसऱ्या उदाहरणानं. इथे स्टेशनवर, शाळेत, हॉलच्या भिंतीवर डिफिब्रिलेटर टांगलेला असतो, हृदयाची लय बिघडली तर छातीवर विजेचा धक्का देणारा. यंत्राच्या प्रकारानुसार त्याचा धक्का साधारण १२० ते ३६० ज्यूलचा असतो. म्हणजे बिघडलेलं हृदय ताळ्यावर आणायला जेवढी वीज लागते, त्याच मापाची वीज आपल्या फ्लॅशमध्ये असते, आणि तीही ३०० व्होल्टच्या वर. ती धडधाकट हृदयातून नको तेव्हा गेली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

फोटोसाठीचा उजेड धोक्याचा असणं नवं नाही. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर काढली. ती पेटली की मोठा जाळ आणि धूर व्हायचा, आणि त्यात माणसं भाजलीही. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी फिरती यंत्रं 'थांबवून' पाहण्यासाठी विजेचा फ्लॅश वापरात आणला. दुधाच्या थेंबाचा मुकुट झालेला त्यांचा १९५७चा फोटो अनेकांनी पाहिला असेल. आज आपल्या हातात आहे तो त्याच फ्लॅशचा वंशज. त्यात जाळ नाही, धूर नाही, आणि म्हणूनच धोका डोळ्यांना दिसत नाही.

"काकू, प्लग काढलाय ना!"

दोन वर्षांपूर्वी माझ्या मैत्रिणीनं जुना फ्लॅश विकत घेतला. एका संध्याकाळी तो उजेड देईना. तिचा मुलगा ए-लेव्हलला, हुशार आणि हाताचा चपळ. मी त्यांच्याकडे सहज चहाला गेले होते. बघते तर स्वयंपाकघराच्या टेबलावर फ्लॅश, शेजारी स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि समोर फोनवर दुरुस्तीचा व्हिडिओ. चारपैकी तीन स्क्रू निघालेले.

मी म्हटलं, "अरे, थांब. हात काढ आधी."

"काकू, प्लग काढलाय ना! मग आता कसला शॉक?"

त्याचं म्हणणं घरातल्या इतर वस्तूंना बरंचसं लागू पडतं. टोस्टरचा किंवा इस्त्रीचा प्लग काढला की आत वीज उरत नाही. फ्लॅशमध्ये मात्र नळ बंद झाला तरी टाकी भरलेली असते. त्यातही तो फ्लॅश बिघडलेला होता, म्हणजे वीज बाहेर जायचा नेहमीचा रस्ता, ती काचेची नळी, कदाचित बंद होती. चालू फ्लॅशपेक्षा बंद पडलेल्या फ्लॅशमध्ये वीज अडकून राहण्याची शक्यता जास्त. आतली वीज हळूहळू जिरवायची सोय पुष्कळ यंत्रांत असते, पण तीच बिघडलेली असली तर बाहेरून कळायला मार्ग नाही.

मी तिथूनच भावाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्यानं मुलाला एकच प्रश्न विचारला, "तुझ्या घरातली आरसीडी पडेल की नाही?" मुलानं जरा विचार केला आणि म्हणाला, "नाही पडणार. वीज भिंतीतून येतच नाहीये."

बरोबर उत्तर होतं ते. आरसीडी म्हणजे फ्यूजबॉक्समधला, जीव वाचवणारा स्विच. घरात जाणारी आणि परत येणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तो क्षणात वीज तोडतो. पण कपॅसिटरची वीज यंत्राच्या आतच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तुमच्या हातातून जाते. आरसीडीला त्याचा पत्ता लागत नाही, प्लगमधल्या फ्यूजलाही नाही. तो फ्लॅश भिंतीपासून सुटा करून टेबलावर ठेवला होता, म्हणजे इंग्लंडमधल्या घरात विजेपासून जे जे संरक्षण असतं, ते सगळं तिथे निकामी होतं.

व्हिडिओतला माणूस स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडत होता. हा उपाय कोणीही करू नये. एवढी वीज एका क्षणात सोडली की धातू वितळून उडतो, डोळ्यांत जातो, आणि हात किंचित घसरला तर धक्का बसतोच. असल्या दुरुस्तीची हत्यारं, मोजमाप आणि सराव वेगळा असतो. आपल्यासाठी नियम एकच: फ्लॅशचं झाकण उघडायचं नाही. बिघडला तर दुरुस्तीवाल्याकडे द्यायचा, नाहीतर कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर विजेच्या वस्तूंच्या पेटीत.

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या, पेन्सिल सेलच्या छोट्या फ्लॅशलाही हा नियम लागू. त्यात दीड व्होल्टचे चार सेल असतात म्हणून तो खेळण्यासारखा वाटतो, पण आतलं सर्किट ती वीज ३०० व्होल्टच्या आसपास चढवतं. जुन्या, एकदा वापरून टाकायच्या कॅमेऱ्यांमध्येही तेच. मुलांना 'आत काय आहे बघू' म्हणून ते उघडायला देऊ नयेत.

प्लग, फ्यूज आणि अर्थिंग

इथला तीन चपट्या पिनांचा प्लग बीएस १३६३ या १९४७ सालच्या मानकाचा. आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग हा त्याआधीच्या ब्रिटिश बीएस ५४६चा वारसदार. ब्रिटननं तो बहुतेक सोडून दिला, आपण ठेवला. दोन्हींतला महत्त्वाचा फरक म्हणजे इथल्या प्लगच्या आत फ्यूज असतो. तो का, तर इथल्या घरांतली सॉकेट्स बहुधा ३२ अँपिअरच्या एकाच गोल वायरिंगवर असतात. बारीक वायर तापून जळू लागली तरी ३२ अँपिअरचा स्विच पडेलच असं नाही. त्या वायरीची राखण प्लगमधला ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज करतो.

म्हणून भारतातून आणलेला फ्लॅश बाजारातल्या कुठल्याही साध्या अ‍ॅडाप्टरमध्ये खुपसला की दोन गोष्टी हातच्या जाऊ शकतात, फ्यूज आणि अर्थिंग. युरोपातून मागवलेल्या फ्लॅशचा गोल प्लग प्रवासी अ‍ॅडाप्टरमध्ये बसतो, पण त्याच्या कडेच्या अर्थिंगच्या पट्ट्या बहुतेक अ‍ॅडाप्टरमध्ये कशालाच टेकत नाहीत. धातूच्या पेटीच्या यंत्राला अर्थिंग नसलं आणि आत एखादी वायर सुटली, तर अख्खी पेटी वीजवाहक होते. फ्लॅशची वायर सुटी होणारी असेल तर इथला, योग्य फ्यूजचा प्लग असलेली वायर घ्यावी. कितीचा फ्यूज ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. फ्यूज वारंवार जातो म्हणून जास्त अँपिअरचा घालायचा नाही. तो जातोय म्हणजे काहीतरी सांगतोय.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत रंगांकडेही लक्ष हवं. इथे आता तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. भारतातल्या आणि फार जुन्या ब्रिटिश वायरींत लाल फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. 'वायर वायरसारखी' म्हणून अंदाजानं जोडणं नको.

माझा पहिला जुना फ्लॅश मी शेजारच्या आजोबांना दाखवला तेव्हा त्यांनी आधी प्लग उघडला. विकणाऱ्यानं प्लग बदललेला होता आणि अर्थिंगची वायर कापून नुसती आत दुमडून ठेवली होती. बाहेरून प्लग नवा कोरा. तेव्हापासून जुनं यंत्र घेतलं की ते पॅट टेस्ट करून घ्यायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. मंडळाच्या कार्यक्रमासाठी हॉल घेताना अनेक ठिकाणी यंत्रांवर त्या तपासणीचं हिरवं स्टिकर मागतात. हॉलसाठी करतो ते घरासाठीही करावं. खर्च एका पिझ्झाच्या आसपास.

एका बोर्डावर किती?

तान्ह्या बाळाचे फोटो नोव्हेंबरात काढायचे म्हणजे खोली गरम हवी, म्हणून हीटर: २००० वॉट. मागच्या पडद्याच्या सुरकुत्या काढायला इस्त्री: २४०० वॉट. दोन फ्लॅशचे मदतीचे दिवे प्रत्येकी १५० ते २५० वॉट, शिवाय फ्लॅश पुन्हा भरताना लागणारी वीज वेगळी. आता हे सगळं सोफ्यामागच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं की काय होतं पाहा. त्या बोर्डाला जागा चार असल्या, तरी तो भिंतीत एकाच प्लगनं जातो. १३ गुणिले २३०, म्हणजे सगळ्यांना मिळून सुमारे ३००० वॉट. हीटर आणि इस्त्रीच ४४०० होतात.

हीटर आणि इस्त्री नेहमी थेट भिंतीत लावावी. बोर्डावर फक्त फ्लॅश. एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नये. गुंडाळीची लांब वायर असेल तर पूर्ण उलगडून मगच वापरावी. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते, म्हणून गुंडाळलेल्या अवस्थेत तिची क्षमता कमी लिहिलेली असते. प्लगला हात लावून बघायची सवय ठेवावी. कोमट ठीक, चटका बसला तर बंद.

पदर, पडदा आणि पीठ

घरातले अपघात विजेच्या धक्क्याहून वायरीला अडखळून जास्त व्हायची भीती. नऊवारी नेसलेली मैत्रीण मागे सरकते, रांगता मुलगा वायर ओढतो आणि तीन किलोचा फ्लॅश डोक्याच्या उंचीवरून खाली येतो. फुटलेल्या नळीची काच आणि उघडी पडलेली टोकं दोन्ही वाईट. वायर भिंतीच्या कडेनं न्यावी, रस्त्यात आली तर जमिनीला कापडी चिकटपट्टीनं चिकटवावी. स्टँडच्या पायाशी वायरीचा एक सैल वेढा द्यावा, म्हणजे हिसका वर पोचत नाही. स्टँडवर वजन हवंच. वाळूची पिशवी नसेल तर दहा किलोची पिठाची पिशवी खालच्या पायांवर आडवी ठेवावी. प्रत्येक मराठी घरात ती असतेच!

मदतीचा दिवा हॅलोजनचा असेल तर तो भाजेल इतका तापतो. त्यावर ओढणी, रंगीत कागद किंवा जवळ पडदा नको. कापडी पेटी त्याच यंत्रासाठीची आणि हवा खेळेल अशी हवी. फोटो संपल्यावर फ्लॅश लगेच पिशवीत कोंबू नये, थंड होऊ द्यावा.

आवरायचा क्रम असा. आधी ताकद सर्वांत कमी करायची, मग मुख्य स्विच बंद, मग चाचणीचं बटण दाबून उरलेला उजेड पडतो का पाहायचं, मग प्लग. काही यंत्रांत स्विच बंद केल्यावर बटण चालत नाही. अशांना बटण आधी आणि लगेच स्विच. यानं टाकीतली बरीच वीज जाते, पण टाकी कोरडी झाली असं धरायचं नाही. ज्या जुन्या संचांत विजेची पेटी वेगळी आणि दिवे वेगळे असतात, त्यांत पेटी चालू असताना दिव्याची वायर काढणं किंवा लावणं कटाक्षानं टाळावं.

जुना फ्लॅश वायरीनं थेट नव्या कॅमेऱ्याला जोडू नये, हेही जाता जाता. काही जुन्या फ्लॅशच्या त्या वायरीवर शंभराहून अधिक व्होल्ट असतात. साधा रेडिओ ट्रिगर वापरला की कॅमेरा आणि हात दोन्ही विजेपासून दूर राहतात.

अभ्यंगस्नानाचा फोटो

उटणं लावलेलं बाळ, तांब्याचा बंब नसला तरी तांब्याचा गडू, कडेला रांगोळी. हा फोटो सगळ्यांना हवा असतो. इथे बाथरूममध्ये साधी सॉकेट्स बहुधा नसतात, असलं तर फक्त दाढीच्या यंत्राचं. ते असं का, हे आता वेगळं सांगायला नको. तरीही पॅसेजमधून बोर्ड आत ओढून फ्लॅश लावायचा मोह होतो. तो आवरावा. ओल्या त्वचेतून वीज फार सहज जाते. टबात दुधासारखं पाणी करून बाळाला ठेवायचे फोटो, हळदीचे फोटो, सगळ्यांना हेच लागू. पाणी असेल तिथे भिंतीला जोडलेलं काही नको, आणि पाण्यात पडेल असं काहीच नको. खिडकीजवळ टब ठेवून सकाळच्या उजेडात काढलेला फोटो खरोखर जास्त गोड येतो.

वर्षातून एकदा, आणि भारतात नेताना

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा फ्लॅश दिवाळी ते दिवाळी कपाटात असतो. कपॅसिटर फार काळ न वापरल्यानं कमकुवत होतो आणि एकदम पूर्ण ताकदीनं लावला तर फुटूही शकतो. दर दोन-तीन महिन्यांनी थोडा वेळ चालू करावा. फार दिवसांनी काढला तर कमीत कमी ताकदीवर, नजरेसमोर काही वेळ चालू ठेवून मग वापरावा. फुसफुस आवाज, जळका वास किंवा कडकड आली तर बंद.

इथला फ्लॅश भारतात चालतो, दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पण अमेरिकेतल्या नातेवाइकांचा १२० व्होल्टचा फ्लॅश भारतात किंवा इथे लावण्यापूर्वी मागची पट्टी वाचावी. '१००–२४०' असेल तरच थेट लावायचा. गावी लाइट गेली म्हणून इन्व्हर्टरवर स्टुडिओ फ्लॅश लावायचा झाला, तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते आधी विचारावं. बॅटरीवर चालणारे नवे फ्लॅश सोयीचे, पण त्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालतात, १०० ते १६०साठी विमान कंपनीची परवानगी लागते.

धक्का बसलाच तर

माणूस विजेला चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा किंवा प्लग ओढा. मग ९९९, भारतात ११२. श्वास नसेल तर फोनवरचे लोक सांगतील तसं छाती दाबायला सुरुवात करा आणि जवळचा डिफिब्रिलेटर मागवा. भाजलं असेल तर २० मिनिटं गार वाहतं पाणी. तूप, हळद, टूथपेस्ट काही नको. आणि फ्लॅशचा धक्का बसून माणूस हसत उभा राहिला, तरी त्याला दवाखान्यात दाखवा. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

मैत्रिणीच्या त्या फ्लॅशचे तीन स्क्रू त्या मुलानं परत लावले. नंतर तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की आतली नळी गेली होती आणि कपॅसिटर भरलेला होता. मुलगा आता विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकतो आणि सुटीत घरी आला की मंडळाच्या कार्यक्रमाला सगळ्या वायरी आधी तोच तपासतो.

या दिवाळीत फ्लॅशची पिशवी बाहेर काढाल तेव्हा झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: 'वायर पाहिली? स्टँडला वजन? जवळ पाणी नाही ना? झाकण उघडायचं नाही.' लिहायला घरातल्या मुलांनाच बसवा. मराठी अक्षरांचा सरावही होईल. दिवाळीच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. फोटो सुंदर येवोत आणि फोटोतली सगळी माणसं सुखरूप राहोत!